नथ्थूचं थांबणं

अरिबाचा मेसेज आला तेव्हा मी जळगावला होस्टेलच्या बेसिनपाशी दात घासत उभी होते. ‘दीदी, पारोळा सुटलं. दीड तासात पोचते. लॉनचा तुकडा पण आणलाय, नथ्थूला चालवून बघू या.’ पुढे हसरा चेहरा. तोंडातला फेस एकदम कडू झाला. मी थुंकले आणि थुंकलेलं बघत राहिले. बेसिनच्या जाळीत कुणाचे तरी लांब केस अडकले होते, त्यांच्यावर तो फेस बसला आणि हळूहळू खाली गेला. मला शिसारी आली. हल्ली कशानेही येते. मेसच्या ताटाला चिकटलेल्या हळदीच्या डागाने येते, लेक्चरला पुढे बसलेल्या मुलीच्या मानेवरच्या ओल्या पावडरने येते. आई फोनवर म्हणते, पित्त झालं व तुले, कोकम पी. पित्तबित्त काही नाही. पंधरा दिवसांपूर्वी धुळ्यात मी उजव्या हाताच्या अंगठ्याने एक गोल केला, आणि तेव्हापासून माझं पोट जागेवर नाही. ज्यांच्यावर तो गोल झाला त्या टीमची अरिबा कॅप्टन. ती भांडायला येत असती तर बरं झालं असतं. ती शिकायला येत होती.

नथ्थू म्हणजे आमचा फुटबॉल खेळणारा रोबो. सव्वादोन फूट उंच, दोन हात, दोन पाय, डोक्यात कॅमेरा, पोटात छोटा कॉम्प्युटर, नडग्यांना जळगावच्या पाइप कारखान्यातले कटपीस. त्याला चेंडू ओळखता येतो, चेंडूपर्यंत चालत जाता येतं, लाथ मारता येते, आणि पडला तर आपला आपण उठता येतं. प्रयोगशाळेतले शिपाई निंबा नाना धुळ्याकडचे. पहिल्या दिवशी कंबरेवर हात ठेवून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘‘हाऊ पडस, उठस, परत पडस. मन्हा नातूना मायक शे बठ्ठं.’’ सगळं नातवासारखंच, म्हणजे; त्या नातवाचं नाव नथ्थू, तेच रोबोला चिकटलं. सामना सुरू झाला की माणसाने नथ्थूला हात लावायचा नाही, काही सांगायचं नाही, सगळं त्याने स्वतः ठरवायचं. नाहीतर चावीच्या माकडात आणि त्याच्यात फरक काय? हे वाक्य माझंच आहे. टीममध्ये नवी मुलं घेताना मी ते दरवर्षी ऐकवायचे, नाकाने कांदे सोलत. मी समीक्षा, पहूरची, शेवटच्या वर्षाला, टीमची कॅप्टन. पण कॅप्टन म्हणजे पत्रं लिहिणारी, सही करणारी, मॅडमची बोलणी खाणारी. नथ्थूचं चालणं सगळं अल्तमशचं. अकरा महिने तो त्या पायांपाशी पालथा पडून होता. त्याला मी कधी नीट उभा पाहिला की दचकायचे, हा इतका उंच आहे होय, असं वाटायचं.

आमची चूक गवतात होती. नियमाप्रमाणे मैदान हिरव्या नकली लॉनचं लागतं, आणि अल्तमशचे अब्बू जब्बारचाचा लग्नाचे मांडव घालतात, त्यांच्याकडे लॉनच लॉन. जुनं झालेलं एक त्यांनी टेम्पोतून आणून टाकलं. ‘‘बेटा, याच्यावर शंभर नवरदेव चालून गेलेत, तुमचा पण एक चालेल,’’ म्हणाले आणि स्वतःच हसले. ते लॉन अंथरलं आणि प्रयोगशाळेला पंगतीचा वास लागला. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, सांडलेलं तूप, आणि त्या सगळ्यावर कुणीतरी मारलेली पानाची पिंक. आम्ही धुतलं, वाळवलं, परत धुतलं; वास काही गेला नाही. पात्यांच्या मुळाशी बट्टीचा चुरा दगडासारखा घट्ट बसलेला, तो आम्ही चिमट्याने काढायचो. तेव्हा मात्र मला किळस आली नव्हती, हे आता नवलाचं वाटतं. मी त्याच लॉनवर मांडी घालून डबा खायचे. तुपाने आणि पायांनी ते गवत असं काही दबून बसलं होतं की सतरंजी बरी, आणि त्याच्यावर नथ्थू मस्त चालायचा, लग्नातल्या मामासारखा, तोऱ्यात. आम्ही व्हिडिओ काढले, टाळ्या वाजवल्या. गवत उभंही असतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

धुळ्यातल्या स्पर्धेचं लॉन कोरं होतं. पाती बोटाच्या दोन पेरांएवढी, ताठ. पाऊल ठेवलं की दबायची, उचललं की उसळून वर यायची. दोन पावलांनी नथ्थू डोलायला लागायचा, तिसऱ्याला आडवा. अल्तमश सामन्याच्या आधी गुडघ्यांवर बसून तळहाताने ते गवत दाबून बघत होता, पुन्हा पुन्हा, जनावराची पाठ चाचपावी तसं. मग वर बघून म्हणाला, ‘‘आपण याला जेवणावळीत चालायला शिकवलंय, समीक्षा.’’ हातात वेळ नव्हता. सकाळीच मी फॉर्मवर सही केली होती, आमचा रोबो पूर्णपणे स्वतःच्या बुद्धीने खेळतो, बाहेरून कोणताही हस्तक्षेप नाही. सही करताना मला अभिमानच वाटला होता. इंग्रजीत केली, वळणदार.

समोर अरिबाची टीम. ती तिसऱ्या वर्षाला, सोनगीरची, रोज एसटीने धुळ्याला ये-जा करणारी, बारीक, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे असं बघणारी की आपण काहीतरी फार मोलाचं सांगतोय असं वाटावं. त्यांचा रोबोही पडत होता. पहिल्या हाफमध्ये दोघं मिळून इतक्यांदा पडले की बाकांवरची पोरं मोजायला लागली. त्यांचा गोल असाच झाला, पडता पडता त्याचं डोकं चेंडूला लागलं आणि चेंडू घरंगळत आत गेला. आणि मग आमचा. नथ्थू नऊ वेळा पडला आणि नऊ वेळा उठला. दहाव्यांदा चेंडूपाशी पोचला तेव्हा त्याचा डावा पाय थरथरत होता, मोटर तापली होती. त्याने मान वाकवून चेंडू पाहिला, गोल पाहिला, पुन्हा चेंडू पाहिला, आणि मारला. चेंडू इतका सावकाश गेला की मध्ये मला घसा खाकरायला वेळ मिळाला. तो गोल खरा होता. कुणाच्या गळ्याची शपथ घ्यायला सांगा, मी घेते. अल्तमश ओरडला नाही, नाचला नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला, आणि मग हळूच खाली बसला. मला आयुष्यात काहीतरी समजल्यासारखं वाटलं. पुढच्या वीस मिनिटांत मी ते घाण केलं.

हाफटाइमला दिपमाला मॅडम आल्या. त्या आमच्या मार्गदर्शक, वयाने फार मोठ्या नाहीत, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या, दर जूनला टिकतील की नाही कुणाला माहीत नसतं. त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. प्रयोगशाळेत चाचणीसाठी आम्ही वापरतो तो छोटा रिमोट त्यांनी पर्समधून काढला, रुमालात गुंडाळलेला, आणि माझ्या हातात ठेवला. ‘‘मी काही सांगत नाहीये, समीक्षा. फक्त जवळ असू दे.’’ बस, एवढंच. त्यांनी सांगितलं असतं तर मी त्यांच्या नावाने खडे फोडले असते. पण त्यांनी सांगितलंच नाही. मी रुमाल परत दिला, रिमोट ठेवून घेतला. ओढणी दोन्ही हातांवरून पुढे घेतली. दुसऱ्या हाफमध्ये नथ्थू तीनदा पडला, तिसऱ्यांदा उठला तेव्हा चेंडू आठ-नऊ पावलांवर होता, आणि माझा अंगठा आपोआप सरकला. हे ‘आपोआप’ही खोटं आहे. मी सरकवला. एक पाऊल टाकायला लावायचं आणि थांबायचं. त्याचं डोलणं विरेपर्यंत वाट बघायची. मग दुसरं पाऊल. नथ्थूला वाट बघणं माहीत नव्हतं, मला होतं. नऊ पावलं, मग लाथेचं बटण. बाकांवरून शिट्ट्या आल्या. मी मान वर केली तर अल्तमश नथ्थूकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. मैदानाच्या मध्यावर कुठेतरी बघत होता. आपला कोड कसा चालतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? जवळ येऊन म्हणाला, ‘‘बॅटरी गरम झालीये. बंद कर.’’ बाकी काही नाही.

दोन-एकने जिंकलो, त्यानंतरचं सगळं गोड होतं, आणि ते गोडच अंगावर येतं. कॉलेजात सत्कार झाला. आमच्याकडे सत्कार म्हणजे पेढा तोंडात कोंबायचा, हातात नाही द्यायचा. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने आपल्या जाड बोटांनी पेढा माझ्या ओठांवर दाबला, बोटं आत आली, अंगठीची थंडगार कड दातांना लागली. फोटोवाला म्हणाला, ‘‘अजून एकदा सर, डोळे मिटले होते.’’ पुन्हा तोच उष्टा पेढा, पुन्हा तीच बोटं. मग सगळ्यांना कल्पना सुचली की नथ्थूलाही भरवावा. त्याला तोंड नाही, तर कॅमेऱ्यालाच लावला. केवढं हसले सगळे. मी त्या दिवशी कापूस आणि स्पिरिट घेऊन त्याच्या डोळ्यातला खवा काढत बसले, आणि अर्ध्यातच बाथरूमकडे पळाले. पहूरहून आईचा फोन, ‘‘तुह्या नावाचा फ्लेक्स लागला व चौकात, तुह्ये बाबा तीनदा पाहून आले.’’ बाबा ग्रामपंचायतीत कारकून. आमच्या वस्तीतल्या पोरीचा फोटो चौकात लागायला काय काय व्हावं लागतं, ते बाबांना माहीत आहे, म्हणून तीनदा. पुढच्या महिन्यात राष्ट्रीय फेरी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला फ्लेक्सवर माझा चेहरा नाही, अंगठाच छापलाय असं वाटत राहिलं.

अल्तमशशी याबद्दल एकदाच बोलणं झालं, कँटीनमागे. तो मोबाईलवर पहिल्या गोलचा व्हिडिओ बघत होता. जब्बारचाचा म्हणे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतात. लग्नाची तारीख पक्की करायला आलेल्या माणसालाही आधी नथ्थूचं नऊ वेळा पडणं आणि नऊ वेळा उठणं बघावं लागतं. मी म्हटलं, ‘‘मी सांगून टाकू का? आयोजकांना, सगळ्यांना?’’ त्याने व्हिडिओ थांबवला. ‘‘तुला सांगायचं तर सांग. राष्ट्रीयला नाही गेलो तर नाही गेलो. पण माझा गोल माझाय. त्याला हात लागता कामा नये.’’ मी म्हटलं, त्याला कशाला हात लागेल, तो तर खरा आहे. आम्ही दोघंही इंजिनिअर होणार होतो आणि दोघांनाही वाटत होतं की एक खोली पेटवली की आग शेजारच्या खोलीत जाणार नाही.

अकराच्या सुमाराला मी स्कूटीवरून बसस्टँडवर गेले. अरिबा लॉनची गुंडाळी कवटाळून उभी होती, बसमध्ये मांडीवर घेऊन बसली असणार, सगळ्या कुर्त्याला हिरवे धागे चिकटलेले. ‘‘दीदी!’’ म्हणून तिने एका हाताने मला मिठी मारली. तिच्या पिशवीतून तुपाचा वास आला. ‘‘अम्मीने नानखटाई दिलीय. मोहल्ल्याच्या भट्टीतून भाजून आणली सकाळी. म्हणाली, शिकायला चाललीस तर रिकाम्या हाताने नको जाऊ.’’ नूरबी तिच्या आईचं नाव, हेही तिने वाटेत सांगितलं, आणि घरी तिने आमच्या नथ्थूची इतकी गोष्ट केलीय की आई विचारते, बोलतो का गं तो? मी हसले. हसताना आपला चेहरा आतून कसा दिसत असेल याची कल्पना येऊन मला माझीच घाण वाटली. कॉलेजच्या फाटकाशी पोचेपर्यंत मी एक ठरवलं. तिने आणलेल्या गवतावर नथ्थूला ठेवायचं आणि सोडून द्यायचं. तो पडेल. पडला की तिला कळेल. मला काही बोलावं लागणार नाही.

प्रयोगशाळेत अल्तमश होता. त्याने अरिबाला खुर्ची दिली, निंबा नानांनी पाणी आणलं आणि ते जेवायला गेले. अरिबाने आधी वही काढली. ‘‘हसू नका हं,’’ म्हणाली. वहीत एक तक्ता होता. आमच्या दुसऱ्या गोलचा व्हिडिओ तिच्या मैत्रिणीने बाकावरून काढलेला, तो तिने एक-एक चित्र थांबवून मोजला होता. ‘‘हे बघा. पहिल्या पावलानंतर नथ्थू एक पूर्णांक आठ सेकंद थांबतो. दुसऱ्यानंतर दोन पूर्णांक तीन. तिसऱ्यानंतर पुन्हा कमी. दर वेळी वेगळं! म्हणजे तो मोजतोय ना? आपलं डोलणं किती बाकी आहे ते बघतो, आणि शांत झाला की मगच पुढचं पाऊल. किती शहाणपणा आहे हा, दीदी. पहिल्या हाफमध्ये तो असं करत नव्हता, म्हणजे तो खेळता खेळता शिकला. आमचे सर म्हणाले, यावर तर पेपर होईल. मी पंधरा दिवस बसलेय, आमच्याला नाही येत. थांबतो तो थांबतोच.’’ मग तिने सहाव्या ओळीवर पेन ठेवलं. तिथे लाल गोल केलेला. ‘‘फक्त इथे मला कळलं नाही. सहाव्या पावलानंतर चार सेकंद. डोलणं तर केव्हाच संपलंय. इथे तो कशाची वाट बघत होता?’’

सहाव्या पावलानंतर माझा अंगठा घामाने घसरला होता आणि मी तो ओढणीला पुसला होता. मला ते आठवलं, ती चिकट ओल, तो बुळबुळीत प्लॅस्टिकचा गुळगुळीतपणा, आणि घशात आंबट काहीतरी आलं. मी गिळलं. अल्तमशने स्क्रू ड्रायव्हर उचलला, ठेवला. मी म्हटलं, ‘‘आधी चालवून बघू.’’

गुंडाळी उलगडली. कोरं गवत, उभं, कोऱ्या प्लॅस्टिकचा वास. जब्बारचाच्यांच्या लॉनवर ते अंथरलं तर खालचं लॉन पायपुसण्यासारखं दिसायला लागलं. नथ्थूला ठेवलं, चालू केलं. एक पाऊल, दोन, तिसऱ्याला तोंडावर. उठला. पुन्हा दोन, पुन्हा तोंडावर. तो एकदाही थांबला नाही. मी अरिबाच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता कळेल. आता तिच्या डोळ्यांत येईल. माझ्या तोंडचं कबूल करणं मी त्या सव्वादोन फुटी जिवावर ढकललं होतं आणि तो बिचारा पडून पडून ते करत होता. पाचव्यांदा पडला तेव्हा अरिबा पुढे झाली. तिने त्याला काखेत हात घालून उभं केलं, नडगीला चिकटलेला हिरवा धागा काढला. ‘‘असू दे ना, दीदी,’’ म्हणाली. ‘‘प्रवासात आतलं काही हललं असेल. आमचा पण घरी एक करतो, पाहुण्यांसमोर एक करतो. नका वाईट वाटून घेऊ.’’

ती माझीच समजूत घालत होती. त्या क्षणी तिचाही राग आला मला, इतकं चांगलं कशाला असायचं माणसाने? मी म्हटलं, ‘‘अरिबा, तो थांबत नव्हता. मी थांबवत होते.’’ तिला कळलं नाही. ती हसतच होती. ‘‘ओढणीखाली रिमोट होता. दुसरा गोल मी केला. तुझा तक्ता माझ्या अंगठ्याचा आहे.’’

पंखा फिरत होता. अरिबाने नथ्थूला खाली ठेवलं, नीट, पडणार नाही असं टेकवून. मग वहीकडे बघितलं. घासात केस निघावा तसं बघितलं. ‘‘आणि चार सेकंद?’’ तिने विचारलं. ‘‘घाम आला होता. अंगठा पुसला,’’ मी म्हणाले. तिने वही मिटली. तिच्या वरच्या ओठाची कड किंचित वर गेली, आणि मी ओळखलं. पंधरा दिवस माझ्या तोंडावर जे आहे ते तिच्या तोंडावर आलं होतं. मला वाटलं होतं बोलून टाकलं की पोट हलकं होईल. झालंही, खोटं कशाला बोलू. दोन-तीन श्वास मोकळे आले.

अल्तमशला ते दोन-तीन श्वासही मिळाले नाहीत. तो घाईघाईने म्हणाला, ‘‘पण पहिला खरा आहे. पहिल्या गोलात काही नाही. थांब, दाखवतो.’’ त्याने मोबाईल काढला, व्हिडिओ लावला, तिच्या हातात दिला. इतकं भराभर बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. ‘‘मोज तू. नऊ वेळा पडलाय. रिमोटने कुणी नऊ वेळा पाडेल का? तूच सांग. त्याची मान बघ, चेंडू बघतो, मग गोल बघतो, मग परत चेंडू. ते मी लिहिलंय. ते सगळं मी लिहिलंय.’’

अरिबाने मोबाईल दोन्ही हातांत धरला. तिला विश्वास ठेवायचा होता, ते दिसत होतं. ती मान हलवत होती. पण तिची नजर नथ्थूवर ठरेना. दोन बोटांनी तिने चित्र मोठं केलं आणि कडेला सरकवलं. तिथे मैदानाबाहेर मी उभी होते, ओढणी दोन्ही हातांवर घेऊन, जशी मी घाबरले की नेहमी उभी राहते. ‘‘तेव्हा रिमोट मॅडमच्या पर्समध्ये होता,’’ मी म्हणाले. हे खरं होतं, आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला. अरिबा माझे हात बघत राहिली. व्हिडिओत पोरं आकडे ओरडत होती, सात, आठ. अल्तमश तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. गोल व्हायच्या आधीच त्याने तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला.